बिनटोपणाची झरणी

पनवेलमधल्या साध्या माणसाला दिवसाकाठी किती लिहावं लागतं, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. सकाळी सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांच्या वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि येण्याचं कारण. टपाल नाक्याकडून येताना स्पीड पोस्टाच्या पाकिटावर पत्ता. बँकेत भरणा स्लिप, तिच्यावर तारीख, खातं क्रमांक, अक्षरी रक्कम आणि शेवटी ‘फक्त’. तहसील कचेरीत अर्जाखाली ‘दिनांक’, ‘ठिकाण : पनवेल’ आणि सही. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची फाईल घरात असेल तर वारसांच्या सह्या. आणि भूखंड जेवढा लहान, तेवढे वारस जास्त, हा नियम सहसा चुकत नाही. सगळी बेरीज केली तर पंचवीस-तीस शब्द होतात. गंमत शब्दांच्या संख्येत नाही, ते लिहिताना शरीराची जी अवस्था होते तिच्यात आहे. यातला एकही शब्द बसून लिहिलेला नसतो. एका हातात फाईल, काखेत छत्री, खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाईल, मागे रांग आणि रांगेतल्या माणसाचा श्वास मानेवर. लेखनासाठी बैठक लागते असं पूर्वीचे लोक म्हणत. आजचं रोजचं लेखन उभ्याने, तीन-तीन शब्दांच्या हप्त्यांनी फेडायचं असतं. अशा लिखाणात पेन किती सुंदर चालतं हे नंतर. ते किती चटकन सुरू होतं आणि किती चटकन मिटतं, हे आधी. आणि म्हणून, ज्याला या धावपळीतही शाईच्याच पेनाने लिहायचं आहे, त्याने खटक्याचं पेन घ्यावं, असं या लेखाचं म्हणणं आहे.

शाईच्या पेनाबद्दल लोक हळवे होतात ते निबेमुळे. वैतागतात ते टोपणामुळे. चांगल्या पेनाचं टोपण आट्यांचं असतं. ते उघडायला दोन्ही हात लागतात, आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे मोकळा हात हीच तर मुख्य टंचाई असते. बरं, उघडलेलं टोपण ठेवायचं कुठे? काउंटरवर ठेवलं तर ते घरंगळतं आणि काचेच्या खालच्या फटीतून सरकारजमा होतं. पेनाच्या शेपटाला खोचलं तर पेन एवढं लांब होतं की शेजारच्याच्या चष्म्याची काळजी वाटू लागते. खिशात टाकलं तर आत राहिलेला शाईचा थेंब अस्तरावर आपली नोंद करून येतो. म्हणून मग आपली सर्वमान्य पद्धत म्हणजे टोपण दातात धरणं. नेमकं त्याच क्षणी काचेपलीकडून विचारलं जातं, ‘‘नाव काय?’’ दातात टोपण धरून ‘पाटील’ म्हणून पाहा. ‘हाटील’ असं ऐकू येतं. पनवेल तालुक्यात पाटलांची संख्या लक्षात घेतली तर टोपणामुळे सरकारी दप्तरात किती घोटाळा होऊ शकतो, याची कल्पना येईल.

मराठी माणसाला हा असला खोळंबा मुळात कधी सोसलेला नाही. मोडी लिपीचा सगळा खटाटोप त्याचसाठी होता. बाळबोध लिहिताना हात वारंवार उचलावा लागतो, म्हणून अक्षरं मोडून, वळवून, एकीच्या शेपटीत दुसरीचं डोकं अडकवून लिहायची पद्धत पडली. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडव्या रेघा मारून घेई आणि मग त्यांच्याखाली, बोरू होता होईतो न उचलता, अक्षरं लटकवत जाई. ही लिपी यादवांच्या हेमाडपंतांनी आणली असं सांगतात. ती कुणीही आणलेली असो, तिच्यामागचं डोकं घाईत असलेल्या कारकुनाचं होतं यात शंका नाही. आज ते कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो, हा त्या घाईचा लांबलेला दंड. पण ज्यांच्या पूर्वजांनी हात उचलायला नको म्हणून अख्खी लिपी वाकवली, त्यांनी ‘ठिकाण : पनवेल’ एवढ्यासाठी टोपणाचे दोन फेरे उघडावेत आणि दोन फेरे लावावेत, हे परंपरेला धरून दिसत नाही.

ही अडचण जपान्यांना आपल्याआधी जाणवली. बॉलपेनने शाईच्या पेनाचं दुकान उठवायला घेतलं होतं, तेव्हा १९६३ साली पायलट कंपनीने ‘कॅपलेस’ नावाचं पेन काढलं. पहिलं पिळून उघडायचं होतं, थोड्याच वर्षांत मागच्या टोकाचा खटका दाबून उघडायचं आलं. दिसायला बॉलपेन, आतून फाउंटन पेन. युक्ती सगळी तोंडाशी आहे. टोकाच्या भोकात आतल्या बाजूला नखाएवढी झडप बसवलेली असते. खटका दाबला की निब तिला ढकलून बाहेर येते. पुन्हा दाबला की निब आत जाते आणि झडप स्प्रिंगने मागोमाग लागते, ओसरीवर बसलेल्या आजीने आल्यागेल्यामागे दार लोटून घ्यावं तशी. टोपणाचं खरं काम तेवढंच होतं, निबेला वारा लागू न देणं. आत मिटणारी निब तशी त्याहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉटरमन वगैरे कंपन्यांची ‘सेफ्टी’ पेनं मिळत. त्यांत निब पिळून थेट शाईच्या पोटात बुडवायची आणि वरून पुन्हा घट्ट टोपण लावायचं. म्हणजे दाराला कडी, कडीला कुलूप, आणि किल्ली शोधताना सही राहून जायची. टोपण साफ हद्दपार केलं ते झडपेने. पुढे २००९ साली जर्मनीच्या लामीने पिळायचं ‘डायलॉग ३’ काढलं, २०२० साली जपानच्याच प्लॅटिनमने प्लास्टिक अंगाचं, स्टीलच्या निबेचं ‘क्युरिडास’ काढलं, आणि चिन्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या नकला काढल्या. यातलं पिळायचं पेन आपल्या कामाचं नाही, कारण पिळायलाही दोन हात आले. खटकाच हवा, अंगठ्याने दाबता येणारा.

निवड करताना पहिली परीक्षा क्लिपची. या पेनाची क्लिप निबेच्या बाजूला असते, म्हणजे लिहिताना ती बरोबर बोटांच्या मध्ये येते. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं, कारखान्यात कुणीतरी उलटं जोडलं. त्यामागे कारण आहे. खिशात अडकवलं की निब वर राहते, शाई खाली राहते, आणि शर्ट शर्टाच्या रंगाचा राहतो. पण याची किंमत बोटांनी मोजायची असते. पहिलीत बाईंनी शिकवली तशी, अंगठा एकीकडे आणि तर्जनी दुसरीकडे, अशी पकड असेल तर क्लिप मध्ये गुपचूप बसते, उलट निब सरळ ठेवायला मदतच करते. ज्यांनी बाईंचं ऐकलं नाही, जे पेन मुठीत धरतात किंवा अंगठा तर्जनीवर चढवतात, त्यांना ती टोचते. चाळीस वर्षांनी का होईना, बाईंचा शब्द खरा होतो. म्हणून दुकानात खुर्चीवर बसून, मालकाच्या गुळगुळीत वहीवर रेघोट्या मारून पेन घेऊ नये. उभं राहावं, एका हातात पिशवी धरावी आणि पावतीच्या पाठीमागे ‘पुष्ट्यर्थ’ हा शब्द लिहून पाहावा. अर्जात तो येतोच, आणि त्यात ष, ट, य, रफार असे सगळे एका खोलीत राहणारे भाडेकरू आहेत. जाड निबेने लिहिला की त्याचा काळा गोळा होतो. जपानी ‘फाइन’ निब युरोपी फाइनपेक्षा बारीक असते, कारण त्यांच्याही अक्षरांत अशीच दाटी. त्यामुळे देवनागरीला ती सोयीची पडते. सरकारी फॉर्मच्या कागदावर शाई फुटते, तीही बारीक निबेने कमी फुटते. वजन मात्र पाहून घ्यावं. नेहमीचं कॅपलेस तीसेक ग्रॅमचं आहे, म्हणजे साध्या पाच बॉलपेनांचा भार. तीस शब्दांना तो जाणवत नाही, तीस वारसांच्या सह्या करून घ्यायच्या असतील तर जाणवेल. (पेण इथून तासाभरावर आहे, पण पेनाच्या शोधात तिकडे जाण्यात अर्थ नाही, तिथे मिळतात ते गणपती.)

शाईची अडचण नाही. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत घोडाछाप शाईची पूड विकायला सुरुवात केली, तिचं पुढे कॅम्लिन झालं. २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला, आणि आता त्यांचा एक कारखाना पनवेलजवळ पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्यात आहे. तेव्हा जपानी पेन आणि मराठी शाई हा संबंध आता सोयरिकीतला मानायला हरकत नाही. फक्त जून ते सप्टेंबर धुतली जाणारी निळी शाई टाळावी. पनवेलच्या पावसात अशा शाईने केलेला अर्ज छत्रीच्या एका थेंबाने तलाठ्याच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत जलरंगातलं निसर्गचित्र होतो. एरवी इथली दमट हवा या पेनाच्या बाजूची आहे. झडप कितीही नेटकी असली तरी टोपणाएवढी घट्ट नसते, आणि कोरड्या गावात आठवडाभर न वापरलेलं पेन रुसतं. पनवेलला पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथे निब काय वाळणार?

आता आक्षेप. पहिला असा की शाईचं पेन झरतं. शुद्ध मराठीवाल्यांनी फाउंटन पेनाला ‘झरणी’ असा शब्द दिला होता. तो रुजला नाही, पण त्याच्याइतका प्रामाणिक शब्द कुठल्याही कंपनीने आपल्या मालावर छापला नसता. पनवेलकराला हा आक्षेप दोन बाजूंनी लागू होतो, कारण त्याच्या एका बाजूला घाट आहे आणि दुसऱ्या बाजूला विमानतळ. पेन झरतं ते आतली हवा फुगल्यामुळे. पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीला, लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. वर गेल्यावर हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी उतरतो, तेवढीच आतली हवा पसरते. पायलटच्या काडतुसात ०.९ मिलिलिटर शाई मावते. ती निम्मी संपली असेल तर उरलेल्या निम्म्यात हवा, तिची वाढ ०.०३ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण थेंब. निबेखालच्या जिभेला ज्या बारीक खाचा असतात, त्या एवढा थेंब पोटात घेतात. त्यासाठीच त्या आहेत. विमानाचं तसं नाही. नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं आणि पनवेल तालुक्यातून थेट आकाशात जायची सोय झाली. आकाशात केबिनमधला दाब जमिनीच्या तीनचतुर्थांशापर्यंत खाली येतो, हवा तिसऱ्या हिश्शाने फुगते, आणि त्याच निम्म्या काडतुसातून तीन थेंब वाट शोधू लागतात. पांढऱ्या शर्टासाठी तीन थेंब पुष्कळ झाले. पण ही उलटी क्लिप इथे कामाला येते. निब वर असली की हवाही वर, निबेशीच जमते आणि शाईला न ढकलता निघून जाते. बोटांना टोचणारी ती क्लिप विमानात अशी दुवा घेते. धोका एकच उरतो, माणूस निब आत घ्यायला विसरला तर. टोपण विसरलं की ते समोर पडलेलं दिसतं. खटका विसरलेला दिसत नाही. मग खिशातून वर डोकावणारी ओली निब घेऊन माणूस दसऱ्याला सोनं द्यायला निघतो, आणि गळाभेट घेणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी थोडी शाईही मिळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढं सगळं करण्यापेक्षा दहा रुपयांचं खटक्याचं बॉलपेन काय वाईट? वाईट काहीच नाही, आणि काही ठिकाणी तेच लागतं हेही मान्य करायला हवं. ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोळे काळे करायला बॉलपेनच हवं. गणपतीच्या वर्गणीचं कार्बनवालं पावतीपुस्तक निबेने लिहिलं तर वरच्या पावतीवर पाचशे एक आणि खालच्या प्रतीवर कोरा कागद असा प्रकार होतो, आणि मंडळाच्या सभेत त्याचा खुलासा करणं कठीण जातं. पण या दोन जागा सोडल्या तर बॉलपेनचा कारभार दाबावर चालतो. शाई घट्ट, लोण्यासारखी. टोकावरची गोळी कागदावर रेटून फिरवली तर ती उतरते. निबेला रेटावं लागत नाही. पाणी जसं कापडात आपोआप चढतं तशी पातळ शाई निबेच्या चिरेतून आपणहून कागदाकडे येते. हाताने फक्त दिशा दाखवायची. उभ्याने, फाईलच्या लवचिक पुठ्ठ्यावर, खाली काहीही भक्कम नसताना लिहिणाऱ्याला या फरकाचं मोल कळतं. तिथे बॉलपेन रेटलं की कागद खचतो, आणि सहीतलं ‘भोईर’ दुसऱ्या अक्षराशी दम तोडतं. मग तो माणूस भिंतीला कागद लावतो, आणि भिंतीवर आडवं धरलेलं बॉलपेन चार शब्दांत उपाशी पडतं. मग पुढच्याची पाठ वापरली जाते. पनवेल स्टेशनवर अनोळखी पाठीवर फॉर्म ठेवून भरलेला पाहिला नाही, असा माणूस विरळा. बॉलपेनचं टोक त्या पाठीला कळतं. निब कळत नाही. शेजारधर्म म्हणूनही शाईचं पेन बरं.

किमतीचा आक्षेप आहेच, आणि त्याला चांगलं उत्तर नाही. कॅपलेस पाच आकड्यांत जातं. क्युरिडास त्यापेक्षा खाली, चिनी नक्कल आणखी खाली. रोजच्या वापराला नक्कल घ्यावी, कारण रोजच्या वापरात पेन मुख्यतः हरवतं. ‘आयुष्यभर टिकेल’ असं दुकानदार म्हणतो ते पेनापुरतं खरं असतं; ते आपल्याजवळ टिकेल असं तो कधी म्हणत नाही.

आणि हाच मुद्दा शेवटच्या, सगळ्यात अवघड आक्षेपाकडे नेतो, जो पायलट कंपनीला १९६३ साली टोकियोत सुचणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे टोपण हे झाकण म्हणून जेवढं वापरलं जातं, त्यापेक्षा जास्त तारण म्हणून वापरलं जातं. ‘‘पेन आहे का जरा?’’ असं रांगेतल्या परक्याने विचारलं की नाही म्हणता येत नाही, कारण ते खिशाला दिसत असतं. तेव्हा शहाणा माणूस हसून पेन काढतो, टोपण डाव्या मुठीत ठेवतो आणि फक्त पेन पुढे करतो. एक शब्द बोलावा लागत नाही. घेणाऱ्यालाही अपमान वाटत नाही, कारण उद्या तोही तेच करणार असतो. बिनटोपणाचं पेन आपल्या खिशाला शोभतं, आपल्या व्यवहाराला नाही. दिसायला ते बॉलपेन, म्हणून मागणारा निःसंकोच मागतो. हातात येताच सवयीने आठ-दहा वेळा टकटक करतो. मग उलटी क्लिप पाहून पेन फिरवून धरतो आणि खटक्याच्या बाजूने लिहू पाहतो. मग सुलट करून, निब पालथी धरून, कार्बनची तिसरी प्रत उमटावी एवढ्या जोराने रेटतो. ‘‘चालत नाही हो तुमचं,’’ म्हणून झटकतो. ती झटकलेली शाई तिसऱ्याच माणसाच्या शर्टावर जाते आणि तो आपल्याकडे बघतो, कारण पेन आपलं. आणि या सगळ्यात आपल्या मुठीत तारण म्हणून काहीही नसतं. पेनाचा मागचा अर्धा भाग उघडून ठेवून घेता येईल, पण मग खटकाही आपल्याकडे राहतो. आधार कार्ड मागणं जरा जास्त होईल. बँकांनी हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच सोडवला आहे. काउंटरवर सुतळीने बांधलेलं ते बॉलपेन, टोपण गेलेलं, शेपूट चघळलेलं, सुतळी स्लिपच्या सहीच्या रकान्याला चार बोटं कमी पडणारी. भारतातलं खरं कॅपलेस पेन तेच. पण खिशातल्या पेनाला सुतळी बांधून गावात फिरता येत नाही.

तोडगा एकच दिसतो. खटक्याचं शाईचं पेन घ्यावं, आणि सोबत द्यायला म्हणून एक दहा रुपयांचं, टोपणवालं बॉलपेन ठेवावं. मागणाऱ्याला ते द्यायचं, टोपण रीतीप्रमाणे आपल्याकडे ठेवायचं, आणि तोवर आपलं काम खटका दाबून दोन सेकंदांत उरकायचं. तोडगा उत्तम आहे, फक्त दोन सेकंदांत काम उरकलेला माणूस तिथे थांबत नाही. त्यामुळे संध्याकाळी घरी येऊन खिसे रिकामे केले की शर्टाच्या खिशात उलटं लटकलेलं जपानी पेन निघतं, आणि पँटच्या खिशात एक निळं टोपण, ज्याचं पेन उरण नाक्याकडे कुठेतरी अजून सह्या करत फिरत असतं.